आत्याची आंतरराष्ट्रीय सावड

जगाच्या पाठीवर कुठेही बायकांवर अन्याय झाला की माणच्या आयटी पार्कासमोरचा बसथांबा लख्ख व्हायचा, असं मी सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. खुशाल काढा. त्या थांब्यावरच्या बाकड्यावर मी स्वतः पाय वर घेऊन बसलेली आहे, कारण खालून खराटा फिरत होता, आणि तो फिरवणाऱ्या बाईच्या पाठीला ‘बोलिव्हियाच्या बायकांना पाणी मिळालंच पाहिजे’ असा पुठ्ठा बांधलेला होता. पुठ्ठ्यावरचं अक्षर माझं. बाई म्हणजे आमच्या घरमालकांची थोरली बहीण. मालकांची मुलं तिला आत्या म्हणायची, म्हणून चार मजल्यांवरचे आम्ही सगळे भाडेकरूही आत्याच म्हणायचो. पुढे पुढे पोलंडपासून कोरियापर्यंतच्या बायकाही तिला आत्याच म्हणायला लागल्या. ही काहीतरी पदवी असावी असा त्यांचा समज होता आणि तो दूर करावा असं मला कधी वाटलं नाही.

मी मूळची लातूरकडची. नोकरीसाठी माणला आले तेव्हा गावात भातापेक्षा भाडेकरूंचं पीक जोरात होतं. मालकांनीही एका खाचरावर चार मजले चढवले होते, त्यातली तिसऱ्या मजल्यावरची एक खोली माझी. तळमजल्यावर, पाण्याच्या मोटारीशेजारच्या खोलीत आत्या राहायची. तिचं सासर मुळशी धरणापलीकडच्या डोंगरात, एका वाडीवर. नवरा गेल्यावर ती चार दिवस माहेरी आली आणि त्या चार दिवसांची बारा वर्षं झाली. मोटार लावणं आणि बंद करणं एवढंच तिचं अधिकृत काम होतं. अनधिकृत कामांत आमच्या भरून वाहणाऱ्या बादल्या, आमच्या दारातल्या चपला, आमची रखडलेली लग्नं आणि आमच्या आयांशी फोनवर तासतासभर बोलणं हे सगळं येत होतं. पहिल्याच दिवशी मी तिला “आत्या, तुम्ही” म्हणाले. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुमी म्हनाय मी काय तुजी सासू हाय? सासू आसते तर हितं मोटार लावत बसले आसते व्हय?” त्या दिवसापासून आम्ही एकेरीवर आलो.

आत्याचा एक कडक नियम होता. कशावरही सही करायची नाही. सही येत नव्हती असं मुळीच नाही. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर ठसठशीत. पण कुरिअर आलं की ती जिन्यातून मला हाक मारायची आणि माझ्याकडून सही करून घ्यायची. गावाने देवळाच्या जीर्णोद्धारासाठी निवेदन काढलं तेव्हा अख्ख्या गावाने सह्या केल्या, आत्याच्या नावापुढची जागा तेवढी कोरी. “देवाला मी तोंडानं सांगते की,” असं तिने पुजाऱ्यांना सांगितलं. सही मागणारा माणूस शेवटी जमीनच मागतो असं तिचं मत होतं, आणि ते तिने हवेतून काढलेलं नव्हतं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावाबरोबर तिचंही नाव लागलं होतं. तशी गावातल्या सगळ्याच लेकींची लागली होती. मग आयटी पार्क आलं आणि एकेक लेक हक्कसोड करून मोकळी झाली. म्हणजे भावाच्या गाडीतून रजिस्टर कचेरीत जायचं, ‘माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडला’ अशा कागदावर सही आणि अंगठा द्यायचा आणि येताना साडी घेऊन यायचं. आत्या तेवढी गाडीत बसली नव्हती. चार मजले बांधायला तिची सही लागली नाही, पण ओढ्याकाठचं शेवटचं खाचर विकायला ती लागणार होती, आणि ते खाचर बिल्डरला हवं होतं.

मालक काही वाईट माणूस नव्हते. बहिणीवर त्यांचा जीव होता. दर भाऊबीजेला ते खाली तिच्या खोलीत यायचे, पाटावर बसायचे, ओवाळून घ्यायचे आणि ताटात साडी ठेवायचे. साडीच्या घडीत हक्कसोडीचा कागद असायचा. आत्या साडी काढून घ्यायची आणि कागद नीट घडी घालून परत द्यायची. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत, मग लाडू खाल्ले जायचे. सुरुवातीला सुती साडी यायची. मेट्रोची बातमी आली त्या वर्षी सिल्कची आली. ओढ्यापलीकडे टॉवर उभा राहिला तेव्हा थेट पैठणी. “औंदा पैठनी आलीया,” आत्या मला ती उलगडून दाखवत म्हणाली, “म्हंजी भाव लई वाढला वाटतं.” माणमधला जमिनीचा दर काढायला एजंटाकडे जायची गरज नव्हती. आत्याचं कपाट उघडलं की भागायचं.

त्या खाचरात आत्या दरवर्षी इंद्रायणी लावायची. एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला कंपनीची भिंत आणि मधे तेवढंच हिरवं. भाताची लावणी हे एकट्या बाईचं काम नव्हे. पूर्वी गावात सावड असायची: आज सगळ्या जणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, परवा तिच्या. मजुरी नाही, आभार नाहीत. जिने दिवस दिला तिच्या रानात जाऊन दिवस परत द्यायचा, एवढाच कायदा. तो परत दिल्याशिवाय बाईला चैन पडत नसे. पण खाचरंच विकली गेल्यावर दिवस परत कुठे देणार? गावातल्या बायका आता आपापल्या इमारतींच्या गच्चीवरून आत्याला हात हलवायच्या आणि गुडघे दुखतात म्हणायच्या. त्या वर्षी रोपं तयार होती, चिखलणी झाली होती आणि लावायला आत्या एकटी. त्यात मालकांनी सांगितलं, “आक्का, औंदा पडीक ऱ्हाउंदे. बिल्डरचा मानूस येनार हाय बघायला.” खाचर एकदा पडीक राहिलं की त्याचा प्लॉट होतो, हे आत्याला चांगलं ठाऊक होतं. ती दोन दिवस जेवली नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात मुळशी धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर ‘स्त्रिया आणि जमीन’ या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. माझी एक मैत्रीण आयोजकांत होती. तिचा घाईघाईने फोन आला, “बोलणारी एक बाई ऐनवेळी गळालीय. तळागाळातली एखादी बाई आहे का तुझ्या ओळखीत?” मी म्हणाले, “तळमजल्यावरची आहे.” अशा रीतीने आत्या पैठणी नेसून आणि मी तिची दुभाषी म्हणून रजा टाकून तिथे पोचलो. त्या मंडळींचं दोन दिवसांपासून एकजुटीची व्याख्या ठरवणं चाललं होतं आणि ती अजून ठरली नव्हती. आत्याची पाळी आली तेव्हा तिने माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि विचारलं, “ह्या रिसॉर्टची जिमीन कुनाची, ठावं हाय का?” कुणालाच ठाऊक नव्हतं. “माज्या मावसबहिनीच्या बापाची. तिनं सही केली. ती आता तितं मागं तुमची ताटं धुतीया. बायांच्या जिमिनीवर बोलताय, तर तिला बी बोलवा की आत.” मी हे इंग्रजीत सांगेपर्यंत आयोजकांचे चेहरे उतरले होते. मावसबहिणीला सन्मानाने आत आणण्यात आलं. ती पदराला हात पुसत पहिल्या रांगेत बसली, पाच मिनिटं सगळ्यांकडे बघितलं आणि “खरकटं वाळतंय” म्हणून उठून गेली.

शेवटी अध्यक्षबाईंनी भारावून विचारलं, की जगभरातल्या आम्ही बहिणी तुमच्यासाठी काय करू शकतो? आत्या म्हणाली, “ठराव नको. सह्या तर नकोच नको. उद्या लावनीला या.” मोठा हशा झाला, टाळ्या पडल्या. बोलिव्हियाची एक बाई तेवढी हसली नाही. ठेंगणी, दोन वेण्यांची, बटाटे पिकवणाऱ्या कुठल्याशा डोंगरी गावातली. तिने आपल्या दुभाष्याकरवी विचारलं, किती वाजता यायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी माणला मिनी बसमधून नऊ जणी उतरल्या. लावणी वाकून, मागे सरत करायची असते. या बाया पुढे चालत लावत होत्या आणि आपण लावलेलं आपणच तुडवत होत्या. पोलंडच्या प्राध्यापिका एकेका रोपाला हात हात जागा देत होत्या. कोरियाच्या बाईंनी अख्खी पेंढी एकाच ठिकाणी रोवली आणि टाळ्या वाजवल्या. आत्या ओरडत होती, “मागं सर गं बाई, मागं!” आणि मी गुडघाभर चिखलात उभी राहून तेच इंग्रजीत ओरडत होते, मधूनमधून स्वतःही चार रोपं वाकडीतिकडी खोचत होते. आजूबाजूच्या गच्च्यांवर गावातल्या बायका जमल्या. एकजुटीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण वाकडी लावणी त्यांना बघवेना. आधी वरून सूचना आल्या, मग शिव्या आल्या, आणि तासाभरात गुडघेदुखीवाल्या सगळ्या जणी पदर खोचून खाली उतरल्या. “व्हय तिकडं! असं लावत्यात व्हय भात?” असं कोरियाच्या बाईंना ऐकवत त्यांच्या हातातली रोपं काढून घेतली. बोलिव्हियाच्या बाईला मात्र कुणी काही सांगावं लागलं नाही. आत्याच्या शेजारची ओळ धरून ती तिच्याच चालीने मागे सरत होती. बांधावर भाकरी खाताना तिने सांगितलं, की तिच्या गावातही हेच असतं. आज माझ्या बटाट्यांना तू, उद्या तुझ्या बटाट्यांना मी. दोन दुभाष्यांतून हे आत्यापर्यंत पोचलं तेव्हा आत्या म्हणाली, “मग दोन दिस ह्या बाया बोलत काय हुत्या?”

बिल्डरचा माणूस त्याच वेळी आला. समोर पंचवीसएक बायका, निम्म्या कुठल्या देशाच्या ते कळेना, सगळ्या चिखलाने माखलेल्या आणि खाचर बांधापर्यंत लावून झालेलं. तो गाडीतून उतरलाच नाही. काचेआडून त्याने मालकांना फोन लावला, काहीतरी बोलला आणि गाडी वळवून निघून गेला. मालक गॅलरीत उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं.

आत्याने ते मनाला लावून घेतल्याचं दाखवलं नाही. तिच्यापुढे दुसराच पेच होता, नऊ परदेशी बायकांचे दिवस फेडायचे कसे? गावातल्या बायकांचे तिने पापडांत, शेवयांत आणि लेकीबाळींच्या बाळंतपणांत फेडून टाकले. पण बोलिव्हियाला जाणार कशी? परदेशी मंडळींनी एक ग्रुप केला होता, तो माझ्या फोनवर. त्यावर रोज कुठल्या ना कुठल्या देशातलं निवेदन यायचं आणि खाली ‘सही करा’. आत्या करायची नाही. नुसतं एक बटण दाबायला काय हरकत आहे, असं पोलंडच्या प्राध्यापिकांनी जरा टोचूनच विचारलं. आत्याने मला उत्तर सांगितलं, “लिही. सही देत न्हाई. दिस देते.” तेव्हापासून ज्या दिवशी यांच्यापैकी कुणाच्या देशात बायकांचा संप नाहीतर मोर्चा असेल, त्या दिवशी आत्या इकडे पाठीला पुठ्ठा बांधून बाहेर पडायची. नुसता फलक धरून बसणं तिला मंजूर नव्हतं. “बसनं म्हंजी काम हाय व्हय? त्या काय बांधावर बसून ऱ्हायल्या हुत्या?” म्हणून मग खराटा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मधे भाकरीपुरती सुट्टी, सावडीच्या नियमाप्रमाणे.

कोरियातल्या कुठल्याशा कारखान्यात बायकांना लघवीला जायला सुट्टी मिळेना म्हणून त्यांनी काम बंद पाडलं, हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा तिला धक्काच बसला. “आगं बाई! मला वाटलं हितंच आसतं त्ये.” त्या दिवशी तिने थांब्यामागचं गटारही काढलं. कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला विचारायचा, “आंटी, ये बोलिव्हिया किधर पड़ता है?” आत्या खराट्याने दिशा दाखवायची, “मानच्या फुडं.” आमच्या एचआरच्या बाईंनी नवरात्रातल्या ‘स्त्रीशक्ती’ कार्यक्रमाला तिला आत बोलावून गुलाबाचं फूल आणि कॉफीचा कप दिला, आणि मिळाल्याची सही मागितली. आत्या दोन्ही वस्तू टेबलावर ठेवून परत आली. पोलंडच्या प्राध्यापिकांनी तर खराटा हे प्रतिकाराचं प्रतीक कसं, यावर एक मोठा निबंध लिहिला. मी त्याचा सारांश सांगितला. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खराटा हाय त्यो. झाडाय आसतोय.” बोलिव्हियाच्या बाईने काहीच लिहिलं नाही. तिने एक फोटो पाठवला. त्यांच्या गावाच्या बैठकीच्या खोलीत, दाराशेजारी, आत्याचा झाडतानाचा फोटो टांगलेला होता.

मला हे सगळं मोठं गमतीचं वाटत होतं, ऑफिसात मी त्याच्या नकला करून दाखवायचे. मग भाऊबीज आली. आत्याने सकाळपासून पाट मांडून ठेवला होता. ताटात कुंकू, सुपारी, निरांजन. दार सताड उघडं. वरच्या मजल्यावर मालकांचा टीव्ही ऐकू येत होता. दुपार झाली तरी जिन्यात पाऊल वाजलं नाही. आत्या मोटार लावायला विसरली, चारही मजल्यांचं पाणी गेलं, पण खाली येऊन विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले. “खाचर ऱ्हायलं गं,” ती म्हणाली, “पर भाऊच न्हाई ऱ्हायला तर म्हायेर म्हनू कशाला?” तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी बोलून गेले, “मग करून टाक ना सही.” आत्याने डोळे पुसले. “तू केलीस न्हवं? मंग तुजा भाऊ आलाय का आज?” मी हक्कसोड केली होती हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं, आईने फोनवर सांगितलं असणार. लातूरला दहा मिनिटांत काम झालं होतं, नंतर भावाने छान जेवायला नेलं होतं. त्याची भाऊबीजेची साडी दोन दिवसांपूर्वीच कुरिअरने आली होती. सही करून मीच घेतली होती.

दिवेलागणीला मालक आले. हातात साडी नव्हती, कागदही नव्हता. पाटावर बसले, आत्याने ओवाळलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. लाडू अर्धा झाल्यावर मालक म्हणाले, “भात कापायचं कवा हाय?”

“परवा.”

“मानसं हायेत?”

“कुटली मानसं?”

“मी येतो मंग.”

आणि खरंच आले, कंपनीच्या लोकांसारखे पांढरे बूट घालून. पुढच्या भाऊबीजेला साडी पुन्हा आली, कागदासकट. आत्याने साडी घेतली आणि कागद घडी घालून दिला. साडी उत्तमच होती.

आता मी माण सोडून पुण्याच्या दुसऱ्या टोकाला राहते. आत्याचे गुडघे गेले, खराटा थांबला, बसथांब्याची रया गेली. लावणीच्या वेळी ती बांधावर खुर्ची टाकून बसते आणि मालक चिखलात उतरून शिव्या खातात. मधे एकदा तिचा फोन आला. आवाज खुशीत होता. “समद्या बायांचं दिस फिटलं बघ. एक तुजाच ऱ्हायलाय. तू बी लावलं हुतंस की त्या दिशी.” मी हसले, म्हणाले, ये मग, माझा फ्लॅट झाडून दे. ती हसली नाही. “घर झाडाय बाई ठेव. सावड रानात फेडत्यात. तुजं रान कुटं हाय सांग, पेरनीला येते.”

“आत्या, माझं रान नाही.”

“बापाचं हुतं न्हवं?”

“होतं.”

“मंग जागा सांग,” ती म्हणाली. “ गुडगं थोडं तरी चालतायत तवर सांग.”

या जूनमध्ये मी गावी गेले होते. भावाने हौसेने गाडीतून रान दाखवायला नेलं. सोयाबीनची पेरणी चालली होती, मी सँडल हातात घेऊन बांधावर उभी होते, वहिनीने थर्मासमधून चहा आणला होता. भाऊ चांगला आहे, हे मी कुणालाही सांगेन. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, “आपल्या रानाचा गट नंबर काय रे?” तो चमकला. “कशाला गं ताई?” मी म्हणाले, एका बाईंना इथला पत्ता द्यायचाय, त्यांना एक दिवस पेरणीला यायचंय. तो हसला. म्हणाला, आता आठवत नाही, बघून सांगतो. येताना त्याने साडी दिली.

त्याने अजून सांगितलेलं नाही, आणि मीही परत विचारलेलं नाही. आत्याचा फोन मात्र दर पंधरा दिवसांनी येतो.